घरे भाड्याने देण्याच्या व्यवसायात व्हिडिओचा उपयोग कसा करावा?

जळगाव-भुसावळ भागात, पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या मालकांची घरे सांभाळताना व्हिडिओ कुठे उपयोगी पडेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग जाहिरातीपेक्षा ताबा देता-घेताना अधिक आहे. किल्ली देण्याच्या दिवशी, भाडेकरूच्या समक्ष, मुख्य दारापासून सुरुवात करून सर्व खोल्यांचे सलग चित्रीकरण करावे. भिंतींवरील ओल, फरशीचे तडे, नळ, पंखे आणि वीजमीटरवरील आकडा त्यात स्पष्ट दिसावा. घर सोडताना त्याच क्रमाने पुन्हा चित्रीकरण केल्यास अनामत रकमेतील कपातीचा वाद पुष्कळदा तिथेच मिटतो. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण प्रकरण न्यायालयात गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. मात्र व्हिडिओ कराराची जागा घेत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

भुसावळला बदलून येणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांना घर आधी येऊन पाहणे कठीण जाते. त्यांना पाठवायच्या व्हिडिओत पाण्याची टाकी, कूलर बसवायची खिडकी आणि घर गच्चीखालचे असल्यास तेही प्रामाणिकपणे दाखवावे, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात हा फरक फार मोठा असतो. राहत्या घरात चित्रीकरण करण्यापूर्वी भाडेकरूची लेखी संमती अवश्य घ्यावी.