एग फ्लाय गोल होत नाही? यार्न कमी करा, आणि आधी आपल्या नदीतलं अंडं बघा

तुम्ही लिहिलंय की ग्लो बग ही एग फ्लाय, म्हणजे हुकवर यार्न (लोकरीसारखे तंतू) बांधून केलेलं माशाचं नकली अंडं, बांधताना दोरा तटकन तुटतो, अंडं गोल व्हायच्या ऐवजी लांबुळकं होतं, थोडा वेळ फेकलं की यार्न हुकभोवती फिरायला लागतं, आणि एवढा खटाटोप करूनही ओहायोतल्या रॉकी नदीतले स्टीलहेड (सरोवरातून नदीत चढणारे रेनबो ट्राउट) ढुंकून पाहत नाहीत. फोटोतलं अंडं भडक नारिंगी आहे आणि शेजारी ठेवलेल्या पट्टीवर चांगलं 12 मिमी भरतंय. दोरा तुटणं, आकार बिघडणं आणि फिरणं या तिन्ही तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे: यार्न फार झालंय. मासा न येण्याचं कारणही त्याच्या आसपासच आहे, म्हणून आधी माशाचं बोलतो.

असं मोठं नारिंगी अंडं चालतं, पण ते दुसऱ्या नद्यांवर. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ अलास्काचे नाहीतर आमच्या मिशिगनचे असणार. मी बाल्डविनजवळ पेअर मार्केट (Pere Marquette) नदीवर जातो. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिनूक सामन अंडी घालायला वर चढतात. चिनूकचं अंडं मोठं, 7-8 मिमीपर्यंत जातं, आणि ताजं असताना खरोखरच नारिंगी-लाल दिसतं. हे सामन मूळचे इथले नव्हेत. लेक मिशिगनमध्ये माजलेल्या एलवाइफ माशांना आवर घालण्यासाठी राज्याने 1966 मध्ये कोहो आणि 1967 मध्ये चिनूक सोडले. ते रुळले, आणि दर शरदात नदीच्या तळाशी अंड्यांची रेलचेल व्हायला लागली. आमचे स्टीलहेड चिनूकच्या मागोमाग नदीत शिरतात ते त्या अंड्यांसाठी. तिथे ऑक्टोबरात नारिंगी ग्लो बग टाकणं म्हणजे माशाला रोजचंच जेवण वाढणं.

रॉकीमध्ये हा प्रकार नाही. लेक ईरीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तुमच्या नद्यांत चिनूक जवळजवळ नाहीतच. ओहायो अनेक वर्षं मिशिगनच्याच लिटल मॅनिस्टी नदीच्या वाणाची स्टीलहेडची पिल्लं सोडत आलंय. म्हणजे मासा आमच्याच घराण्यातला, पण त्याचं ताट वेगळं. शरदात तुमच्याकडे तो मुखाजवळ शिरलेल्या एमरल्ड शायनर या छोट्या माशांच्या मागे असतो. अंडी खऱ्या अर्थाने वाहायला लागतात ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि तीही मुख्यतः दोन प्रकारची: स्टीलहेडची स्वतःची, साधारण 4 ते 6 मिमीची, आणि व्हाइट सकर माशाची, 3 मिमीच्या आसपासची, फिकट पिवळट. सकर स्पॉन (सकरच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखी फ्लाय) नावाचा पॅटर्न ओहायो-पेनसिल्व्हेनियाच्या याच पट्ट्यात एवढा रुजला तो उगाच नाही. तुमच्या पेटीत तो एकही दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

खरं अंडं एकदा हातात घेऊन पाहाच. वसंतात कायदेशीर मर्यादेत एखादी मादी घरी आणलीत तर गाबोळी थेट तव्यावर टाकू नका. सुटं झालेलं एक अंडं वाटीभर थंड पाण्यात सोडा, काही तास राहू द्या, मग पट्टी लावा. पाण्यात ते फुगतं आणि टणक होतं. नदीत माशाला दिसतो तो हा आकार. शरदातल्या मादीची गाबोळी मात्र यासाठी बिनकामाची, तिची अंडी अजून कच्ची आणि पडद्यात गच्च अडकलेली असतात. वाटी उजेडाकडे धरलीत की दिसेल: अंडं भिजलेल्या साबुदाण्यासारखं अर्धपारदर्शक असतं, आणि आत एका बाजूला तेलाच्या थेंबांचा गडद नारिंगी पुंजका असतो. मेलेलं अंडं याच्या उलट, दुधाळ पांढरं. आता हेही लक्षात घ्या की मादीने वाळूगोट्यात नीट पुरलेली अंडी माशाच्या तोंडी लागतच नाहीत. जी निसटून प्रवाहात येतात त्यांतली पुष्कळशी मरतात आणि पांढुरकी पडतात. म्हणून हंगाम पुढे सरकतो तसे फिकट पीच, क्रीम, मळकट पांढरा हे रंग भडक नारिंगीपेक्षा जास्त चालतात.

आता बांधणीकडे येतो. ग्लो बगचा गोल कात्रीतून येतो असं बहुतेकांना वाटतं आणि मग ते सगळ्या बाजूंनी कापत बसतात. गोल येतो गाठीतून. एकाच बिंदूतून सगळीकडे सारख्या लांबीचे तंतू फुटले तर त्यांची टोकं आपोआप गोलावर येतात. तुमचं अंडं लांबुळकं होतं कारण यार्न जाड आहे, ते दाबायला तुम्ही शँकवर (हुकच्या सरळ दांड्यावर) 4-5 मिमीभर वेढे पसरवताय, आणि तंतू एका बिंदूऐवजी एका रेषेतून फुटताहेत. त्यावर कितीही कात्री चालवली तरी दंडगोलच होणार.

पॅकेटमधला यार्नचा दोर उभा चिरा आणि 6 मिमीच्या अंड्यासाठी एवढाच भाग घ्या, की चिमटीत घट्ट दाबल्यावर तो 3 मिमीच्या वर भरणार नाही. हातात घेतल्यावर ‘एवढ्याने काय होणार’ असं वाटलं पाहिजे. हुक आखूड शँकचा आणि रुंद तोंडाचा (तोंड म्हणजे शँक आणि टोक यांतलं अंतर) हवा: टीमको 2457 किंवा गामाकात्सू सी14एस, नंबर 10 किंवा 12. ट्राउटच्या ड्राय फ्लायचे बारीक तारेचे हुक यासाठी वापरू नका, स्टीलहेड ते सरळ करून निघून जातो. दोऱ्याच्या बाबतीत काटकसर नको. साधा 6/0 दोरा यार्न आवळताना तुटणारच. 100 डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) जीएसपी, म्हणजे अतिशय मजबूत पॉलिएथिलिन दोरा, घ्या. तो निसरडा असतो, म्हणून त्याला मेण लावा, आणि बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन) सिरॅमिक नळीचा असू द्या.

हुक व्हाइसमध्ये (हुक पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) लावून शँकच्या मधोमध दोऱ्याचा एक पातळ थर द्या आणि त्यावर सुपरग्लूचा अगदी लहान थेंब. गुळगुळीत शँकवर थेट बांधलेलं यार्न फिरणारच, त्याला इलाज नाही. यार्नचा साधारण 4 सेंटिमीटरचा तुकडा शँकवर आडवा नाही, लांबीच्या दिशेने वर ठेवा आणि बरोबर मध्यावर एकावर एक तीन वेढे द्या. पहिला वेढा सैल, दुसरा जरा ओढून, आणि तिसऱ्याला बॉबिन सरळ खाली खेचा. इथे यार्न मान टाकल्यासारखं दोन्हीकडे उघडतं. ते उघडलं नाही तर ताण कमी पडला किंवा यार्न जास्त झालं. मग दोन्ही टोकं एकत्र वर उचला आणि त्यांच्या बुडाशी, शँकला न गुंडाळता, आडवे दोन-तीन वेढे घ्या, पॅराशूट फ्लायच्या खुंटाला घेतो तसे. एक वेढा मागून, एक पुढून शँकवर, आणि हुकच्या डोळ्याजवळ (दोरी बांधायच्या भोकाजवळ) व्हिप फिनिश ही शेवटची गाठ. फिरणं थांबवतात ते हे बुडाचे वेढे, नुसत्या ग्लूवर भरवसा ठेवू नका.

कापणी एका फटक्यात. डाव्या हाताच्या तीन बोटांनी सगळं यार्न सरळ वर ताणून धरा, वाकड्या पात्याची मोठी, धारदार कात्री आडवी आणा, आणि अंड्याच्या हव्या त्या व्यासाच्या निम्म्याहून किंचित जास्त उंचीवर एकदाच दाबा. कात्री यार्न चावत चावत गेली तर टोकं कमी-जास्त होतात आणि मग तो दुरुस्तीचा खेळ सुरू होतो. कापल्याबरोबर यार्न फुलून अर्धगोल होतं. अंगठ्याच्या नखाने तंतू खाली, दोन्ही बाजूंना सारून घ्या, गोल पुरा होतो. हुकचं निम्म्याहून जास्त तोंड मोकळं दिसलं पाहिजे. तुमच्या 12 मिमीच्या अंड्यात हुकचं टोक यार्नमध्येच बुडालंय. त्याला मासा लागला असता तरी टिकला नसता.

मॅकफ्लाय फोम वापरत असाल तर तो मऊ आणि ताणणारा आहे, ताणूनच बांधा आणि ताणलेला असतानाच कापा. सोडल्यावर तो मागे सरकतो, त्यामुळे कापायची उंची जरा जास्त ठेवा. नवशिक्यांना मी आधी हाच देतो, कारण कमी ताकदीत गोल येतो. आत ठिपका हवा असेल, म्हणजे तो तेलाचा पुंजका, तर बांधायच्या आधी फिकट यार्नच्या अगदी वर गडद नारिंगीचे मोजके तंतू ठेवा. बाकीची कृती तीच. ठिपका अंड्याच्या आत धूसर दिसला तर उत्तम. वर चिकटवल्यासारखा ठसठशीत दिसत असेल तर तंतू निम्मे करा.

आणि तपासणी नेहमी ओल्या अंड्याची. पाण्याच्या पेल्यात बुडवून बोटांनी पिळा, मग खिडकीसमोर धरा. मधून शँकची सावली दिसली तर जमलं. यार्न गच्च असेल तर ते विटकरीसारखं अपारदर्शक दिसतं, आणि वर हवा धरून ठेवल्याने पहिल्या काही ड्रिफ्टमध्ये (प्रवाहाबरोबर वाहू दिलेल्या फेऱ्यांत) ते तळाला पोचतच नाही. नदीवरही प्रत्येक नवं अंडं पाण्याखाली धरून पिळून घ्या.

ग्लो बगवर एवढं लिहिलं कारण तुम्ही तेच विचारलंत. पण रॉकीसाठी मी आधी सकर स्पॉन बांधेन, आणि तो सोपाही आहे. नंबर 10 ते 14 चा तसाच आखूड हुक, साधा 140 डेनियरचा दोरा, आणि अँगोरा लोकरीची एक सुटी केलेली लड. ती हुकच्या वाकाजवळ बांधा. शँकच्या वर 3 मिमीचा छोटा लूप उभा करा, पुढे दोन वेढ्यांनी बांधा, पुन्हा लूप, पुन्हा दोन वेढे, असं डोळ्यापर्यंत जा. पाच-सहा लूप बसतात. ते सैल आणि जरा वेडेवाकडे असू द्या. अंड्यांचा पुंजका असाच दिसतो आणि लोकरीतून पाणी खेळतं. क्रीम, फिकट पिवळा, फिकट गुलाबी हे तिन्ही ठेवा. फिकट निळाही ठेवा. या नद्यांतल्या कुठल्याच माशाचं अंडं निळं नसतं हे मला माहीत आहे, तरी ईरीच्या नद्यांवर तो चालतो.

रंगाचा शेवटचा निर्णय पाण्यावर. तुमच्या नदीचा तळ शेल खडकाचा, पावसानंतर ती झटकन गढूळ होते आणि मग हळूहळू हिरवट होत निवळते. गुडघाभर पाण्यात बूट दिसेनासे झाले असतील तर तुमची ती मोठी अंडी काढा, नारिंगी नाहीतर शार्ट्रूस (भडक पोपटी), 10 मिमीसुद्धा चालेल, कारण तिथे आधी दिसणं महत्त्वाचं. पाणी हिरवट झालं की 6-7 मिमी, ठिपक्यासह. आणि नितळ, उथळ झालं की 4-5 मिमीचं फिकट अंडं किंवा नंबर 14 चा सकर स्पॉन. जुनी अंडी फेकून देऊ नका, पण बाहेरून थोडी कापून हुकचं तोंड मात्र मोकळं करून घ्या.

पाण्यात अंडं पोहत नाही, तळालगत वाहतं. हे सांगायचं कारण, पुष्कळ जणांचं अंडं पृष्ठभागाच्या वेगाने धावत असतं. तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश चालतं. तुमचा इंडिकेटर (दोरीवरचा तरंगता खुणेचा गोळा) शेजारच्या फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा जरा मागे पडत असेल तर ड्रिफ्ट बरोबर आहे. त्यांच्या बरोबरीने जात असेल तर फ्लायच्या वर 40-50 सेंटिमीटरवर आणखी एक बारीक स्प्लिट शॉट (दोरीवर चिमटायचं छोटं वजन) लावा. नितळ पाण्यात टिपेट (फ्लायला बांधायची शेवटची बारीक दोरी) 4एक्स फ्लुरोकार्बन, गढुळात जरा जाड, 3एक्स.

यार्नऐवजी प्लास्टिकचे मणी वापरावेत का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मणी हुबेहूब दिसतात यात शंका नाही. पण मणी हुकपासून लांब अडकवला तर मासा मणी धरतो आणि हुक तोंडाबाहेर, गालाला नाहीतर डोळ्याजवळ लागतो. अलास्कात म्हणूनच मणी हुकपासून दोन इंचांच्या आत पक्का किंवा दोरीवर मोकळा सरकता असावा असा नियम आहे. आमच्या पेअर मार्केटवर एम-37 महामार्गाच्या पुलापासून ग्लीसन्स लँडिंगपर्यंत फक्त फ्लाय आणि पकडलेला मासा सोडून देणं एवढंच चालतं, तिथे मी यार्नच बांधतो. शिवाय यार्न माशाच्या बारीक दातांत क्षणभर अडकतं. मणी तो लगेच थुंकतो. तेवढ्या क्षणाचा मला फायदा वाटतो.

मार्च-एप्रिलमध्ये तळावर ताटाएवढा किंवा त्याहून मोठा, आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा गोट्यांचा पट्टा दिसला तर ते माशाचं घरटं. त्यावर पाय देऊ नका आणि त्यावर बसलेल्या जोडीला अंडं टाकू नका. त्याच्या खालच्या बाजूला, जिथे उथळ पाणी संपून खोल सुरू होतं तिथे, वाहून आलेली अंडी खायला भुकेले मासे उभे असतात. तिथे टाका.

आता यार्न निम्म्यावर आणून 6 मिमीची फिकट पीच अंडी आणि नंबर 12 चे क्रीम सकर स्पॉन बांधा, आणि पुढचा फोटो काचेच्या पेल्यात भिजवून, उजेड पेल्याच्या मागून येईल असा काढा. कोरड्या अंड्यावरून मला गच्चपणा नीट सांगता येणार नाही. दोऱ्याचा डेनियर आणि हुकचा नंबरही सोबत लिहा.