पहिली रोड बाइक (रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल) घेतलीस, आता एवढंच कर

पहिल्याच रविवारी अक्कलकोटला निघू नकोस. आपल्या सोलापुराहून एका बाजूनेच ते सुमारे ४० किलोमीटर आहे. महिनाभर हिप्परगा तलावापर्यंत जाऊन ये. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत घरी, आपलं ऊन चाळिशी सहज ओलांडतं.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- सीट फार खाली. मग गुडघे दुखतात. पेडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.
- जड गिअरवर जोर. हलका घे, पाय भरभर फिरू दे.
- चेन न पुसताच तेल. आधी पूस, तेल सोड, वरचं जास्तीचंही पुसून काढ. नाहीतर धूळ चिकटून चेन झिजते.

हेल्मेट हवंच. रस्त्याकडेला बाभळीचे काटे असतात, तेव्हा जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायची पट्टी) आणि पंप सोबत ठेव. ट्यूब बदलायचा सराव आधी घरी दोनदा कर. काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते, म्हणून आतून बोटं हळूच फिरवून बघ.