२००४ साली अमेरिकेतले युद्धविरोधी कार्यकर्ते एवढे जोरात असूनही हरले कसे?

तुमचा प्रश्न असा की इराक युद्ध चालू असताना आलेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तळागाळातले पुरोगामी कार्यकर्ते पेटून उठले होते, पैसाही सामान्य लोकांनीच उभा केला होता, मग ते हरले कसे? आणि त्या धडपडीचा पुढे काही उपयोग झाला का?

मी तेव्हा आयोवा राज्यातल्या एम्स गावी एम.एस. करत होतो. विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे मताचा अधिकार नाही. तरी त्या हिवाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीनच्या कार्यकर्त्यांबरोबर मी बरीच पायपीट केली, म्हणून लिहायचं धाडस करतो. ‘डीननं टीव्हीवर विचित्र आरोळी ठोकली आणि त्याचं संपलं’ हे उत्तर तुम्हाला कुणीतरी देईलच. ते चूक आहे. आरोळी हरल्यानंतरची आहे. आयोवातली मतमोजणी होऊन गेली होती, डीन तिसरा आला होता, आणि निराश पोरांना उभारी द्यायला तो ओरडला. त्याच्या हातातला माइक फक्त जवळचा आवाज पकडणारा होता. सभागृहातला गोंगाट टीव्हीवर आलाच नाही, म्हणून तो एकटाच किंचाळल्यासारखा वाटला.

आधी थोडं मागचं. ऑक्टोबर २००२ मध्ये बुश यांना इराकवर लष्कर वापरायचा अधिकार देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी पास झाला. बाजूनं हात वर करणाऱ्यांत विरोधी पक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅट, २९ जण होते: जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, हिलरी क्लिंटन, जो बायडन. संसदेची निवडणूक तोंडावर होती आणि ‘देशद्रोही’ हा शिक्का कुणालाच नको होता. मिनेसोटाचे पॉल वेलस्टोन मात्र स्वतः निवडणुकीला उभे असूनही विरोधात गेले. दोनच आठवड्यांनी, २५ ऑक्टोबरला, विमान अपघातात ते वारले. ‘मी डेमोक्रॅटिक पक्षातल्या डेमोक्रॅटिक गटाच्या वतीनं बोलतोय’ हे डीनचं गाजलेलं वाक्य मुळात वेलस्टोन यांचं.

डीन स्वतः काही फार डावा नव्हता. पेशानं डॉक्टर, व्हरमाँटसारख्या चिमुकल्या राज्याचा माजी गव्हर्नर, हिशेबाला चोख, बंदूकवाल्यांशीही बरं असलेला. अफगाणिस्तानातल्या कारवाईला त्याचा पाठिंबा होता. पण ‘इराकचं युद्ध चूक आहे’ हे तो न अडखळता म्हणायचा, आणि २००३ च्या सुरुवातीला प्रमुख उमेदवारांत तेवढं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. (डेनिस कुसिनिच होते. त्यांच्याकडे येतोच.) लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २००३ च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत त्यानं १ कोटी ४८ लाख डॉलर जमवले, तेही बहुतांशी लहान लहान देणग्यांतून.

त्यातल्या पाच डॉलरांची माझी एक गोष्ट आहे. आमच्या गावातली बैठक एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी भरायची. तिथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, पण शिकवणाऱ्या बाईंना नुसतं नावानं हाक मारणं माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मी शेवटपर्यंत ‘मिसेस’ लावूनच बोललो, आणि त्यांना त्याची गंमत वाटायची. पहिल्याच बैठकीला बरणी फिरली, मी पाचाची नोट टाकली. बाईंनी ती बाहेर काढून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, ‘तुझ्याकडे ग्रीन कार्ड नाही. परदेशी माणसाचा एक डॉलरही चालत नाही, कायदा आहे. श्रम मात्र फुकट दिलेस तर चालतात.’ मग मला भांडी घासायला आणि गाडीत फलक भरायला लावलं.

त्या काळात देशभरचे डीनवाले महिन्यातून एकदा जमत आणि आयोवाच्या मतदारांना हातानं पत्रं लिहीत. छापील पत्रकापेक्षा हस्ताक्षराचं वजन जास्त, ही कल्पना. टेक्सासमधली कुणी नर्स, ऑरेगनमधला कुणी पोस्टमन, ‘तुम्ही मला ओळखत नाही, पण’ अशी सुरुवात करून दोन-दोन पानं लिहायचे. लिहिणाऱ्याच्या बाजूनं हे फार हृद्य होतं. पण मी पत्रं पोचायच्या गावात राहत होतो. बाईंच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्याकडे अशा पत्रांनी बुटाचं खोकं भरलं होतं. त्यांनी ती सगळी वाचली होती, बरं का. मला म्हणाले, ‘चांगली माणसं दिसतात. पण यांना कुणी सांगितलं की मला युद्ध हवंय?’

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पुरता लागला नाही.

दारोदार फिरताना हाच सूर वेगवेगळ्या तोंडून ऐकला. ‘युद्ध चूक आहे’ म्हटल्यावर दार आपटणारे मला फार थोडे भेटले. बहुतेक जण मान डोलवायचे, कॉफी विचारायचे आणि म्हणायचे, ‘मला पटतंय हो. पण ओहायोतल्या लोकांना हे पटेल का?’ ओहायो म्हणजे कुठल्याही बाजूला झुकू शकणारं राज्य. तिथं यांचं कुणी नव्हतं. पण प्रत्येकाच्या डोक्यात एक काल्पनिक ओहायोवाला बसलेला, झेंडा लावलेल्या ट्रकमधून फिरणारा, आणि मत द्यायचं ते त्याला विचारून. एका घरी मुलगा नॅशनल गार्ड या राखीव दलातून इराकला गेलेला होता. बाप दारातच उभा राहिला, आत बोलावलं नाही. म्हणाला, ‘युद्ध चुकलंय हे मला तुझ्याआधी कळलंय. पण माझा पोरगा तिथं असताना मला ते एका डॉक्टरकडून ऐकायचं नाही.’

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दारात आहे. युद्धाच्या दिवसांत विरोधी मत दुर्मीळ असतं असं आपण धरून चालतो आणि मत बदलायच्या मागे लागतो. आमच्या भागात मत आधीच बदललेलं होतं. लोक शोधत होते ते मत बोलायचा परवाना असलेला माणूस. आणि युद्धात असा परवाना रणांगणावरून आलेल्यालाच मिळतो. उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या केरींकडे तो होता: व्हिएतनाम, पदकं, जखमा. कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या सभांच्या, दोनच दिवस आधी जिम रासमन नावाचे एक गृहस्थ डे मॉइनला येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. १९६९ मध्ये व्हिएतनाममधल्या नदीतून केरींनी ओढून बाहेर काढलेला सैनिक तो हाच, आणि वर पक्षानं रिपब्लिकन. आमच्या सगळ्या पत्रांवर त्या एका गळाभेटीनं पाणी फिरवलं.

आता १९ जानेवारी २००४ ची संध्याकाळ. आयोवात तेव्हा नुसतं बटण दाबून मत देत नसत. प्रत्येक भागातले पक्षाचे लोक शाळेत, चर्चच्या तळघरात, कधी कुणाच्या घरी जमत आणि सगळ्यांसमोर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. आपली ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा, फक्त हात वर करण्याऐवजी पाय हलवायचे. हजर लोकांच्या १५ टक्के माणसं ज्या कोपऱ्यात नाहीत तो कोपरा बाद. तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. मग जी ओढाताण सुरू व्हायची ती बघण्यासारखी असायची, कारण ओढणारी माणसं शेजारी, वर्गमित्र, व्याही अशीच असायची.

मला भिंतीला टेकून बघायची परवानगी होती. आमच्या खोलीत दीडशेच्या आसपास माणसं होती. डीनच्या बाजूनं प्रचाराला बाहेरच्या राज्यांतून साडेतीन हजारांवर पोरं आयोवात उतरली होती, डोक्याला झगझगीत नारिंगी कानटोप्या. गावात वऱ्हाड उतरावं तशी ती दिसायची, आणि वऱ्हाडाबद्दल गावकऱ्यांना जे वाटतं तेच लोकांना वाटत होतं: हौस आहे, पण आता आवरा. त्या खोलीत त्यांना मत नव्हतं, माझ्यासारखंच. त्यामुळे आत डीनचा कोपरा लहान दिसला. केरींचा मोठा. आमचे खोकेवाले म्हातारे खाली मान घालून केरींच्या कोपऱ्यात गेले.

कुसिनिच यांचा कोपरा १५ टक्क्यांच्या खालीच राहिला. इराक ठरावाविरुद्ध संसदेत मत दिलेला हा गृहस्थ, युद्धविरोधात सगळ्यांत कडवा. त्यांची माणसं आपसूक डीनकडे येतील म्हणून बाई हात पुढे करून उभ्या होत्या. पण कुसिनिच यांनी त्याच दिवशी एडवर्ड्सशी समझोता केला होता, आणि एडवर्ड्स हे ठरावाच्या बाजूनं मत दिलेले! चार-पाच पोनीटेलवाले ओशाळं हसत बाईंच्या समोरून पलीकडे गेले. बाई मला एवढंच म्हणाल्या, ‘यांतला एक माझ्या वर्गात होता.’

राज्यभराचा निकाल: केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८. आत जाणाऱ्यांना विचारून केलेल्या पाहणीत इराक युद्ध नापसंत असलेले चारात तीन निघाले. चारात तीन युद्ध नको म्हणणारे, आणि पहिले दोन नंबर युद्धाला हो म्हणणाऱ्यांचे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. परवान्यासाठी निवडलेला माणूस, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरलेले केरी, सप्टेंबरपर्यंत त्या परवान्याचाच बचाव करत बसले. ऑगस्टमध्ये त्यांच्या व्हिएतनाममधल्या पदकांवरच शंका घेणाऱ्या जाहिराती आल्या. युद्धाच्या खर्चाच्या ८७ अब्ज डॉलरांवर ‘आधी बाजूनं मत दिलं, मग विरोधात’ असं ते स्वतःच बोलून बसले होते. दोन्ही डगरींवर हात ठेवायची ही कला केवळ त्यांचीच आहे असं नाही. एप्रिल २००३ मध्ये आपल्या लोकसभेनं इराक हल्ल्यावर एकमतानं ठराव केला तेव्हा हिंदी मसुद्यात ‘निंदा’ होती आणि इंग्रजी मसुद्यात त्याहून मवाळ शब्द. केरी ओहायोत सुमारे १ लाख १८ हजार मतांनी मागे पडले आणि बुश पुन्हा निवडून आले. आमचा तो काल्पनिक ओहायोवाला खूश करायला एवढं सगळं केलं, तर तो खरंच निघाला आणि खूश काही झाला नाही.

युद्धात लोक सरकारच्याच मागे उभे राहतात, असं सरसकटही मी म्हणणार नाही. कारगिल आटोपल्यावर दीड-दोन महिन्यांत, १९९९ च्या निवडणुकीत, महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा यांचं मतदान एकत्र झालं होतं. दिल्लीत वाजपेयी टिकले, मुंबईत युतीचं सरकार गेलं. माझं ते पहिलं मतदान, त्यामुळे पक्कं लक्षात आहे.

उपयोग झाला का? झाला, पण ज्याच्यासाठी केलं त्याचा कितपत, हे तुम्हीच बघा. डीन फेब्रुवारी २००५ मध्ये पक्षाचा अध्यक्ष झाला आणि जिथं डेमोक्रॅट कधीच निवडून येत नाहीत अशा राज्यांतही त्यानं पगारी कार्यकर्ते नेमले. तुच्छतेनं हसले होते मोठे लोक. ऑगस्ट २००६ मध्ये कनेटिकटात नेड लॅमाँट या नवख्यानं युद्धसमर्थक सिनेटर जो लिबरमन यांना पक्षांतर्गत लढतीत हरवलं. लिबरमन अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरात जिंकले, म्हणजे तोही विजय तीन महिन्यांचाच. पण त्याच नोव्हेंबरात दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे आली, दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा आला. आणि जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी काय केलं? इराकमध्ये आणखी २० हजारांवर सैनिक पाठवायची घोषणा केली.

ऑक्टोबर २००२ मध्ये शिकागोतल्या सभेत युद्धाला विरोध करणारा एक राज्यपातळीवरचा आमदार जानेवारी २००८ मध्ये त्याच आयोवात पहिला आला. त्याच्याकडे पदक नव्हतं, पण हो म्हटल्याचा डागही नव्हता. बाईंची मेल आली होती: रांग शाळेच्या दाराबाहेर, नावनोंदणीचे फॉर्म संपले, म्हातारे शेजारी ओबामांच्या कोपऱ्यात. अमेरिकी फौज इराकमधून शेवटी बाहेर पडली डिसेंबर २०११ मध्ये, तीही बुश यांनी जाता जाता इराकशी केलेल्या करारातल्या मुदतीनुसार.

माझ्याकडे त्या हिवाळ्यातली एक कानटोपी उरली आहे. डिसेंबरात सकाळी टेकडीवर जाताना घालतो. पुण्यात नारिंगी टोपीला इराक कुणाला आठवणार! वाटेत भेटणारे एक काका दरवर्षी न चुकता विचारतात, ‘काय, या वेळी कुणाच्या प्रचाराला?’