हार्प्सिकॉर्डशेजारी उभे राहताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या स्वतंत्र व्हायोलिन मैफलीचा कार्यक्रम पाहिला. आरंभी इटालियन रचनाकार कोरेल्ली आणि त्यानंतर जर्मन रचनाकार बाखचे बी मायनर व एफ मायनर या स्वरपट्ट्यांतले दोन सोनाटा, ही निवड मला मनापासून आवडली. मात्र पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. ‘हार्प्सिकॉर्डची साथ आहे,’ असे त्या पियानोसारख्या, पट्ट्यांच्या जुन्या वाद्याविषयी तू लिहिले आहेस. कोरेल्लीपुरते ते बरोबर आहे, पण बाखच्या बाबतीत ते चूक आहे, आणि पुढच्या सहा आठवड्यांत तू कसा रियाज करशील हे बरेचसे या एका शब्दावर ठरणार असल्यामुळे त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

कोरेल्लीचे बारा सोनाटा 1700 साली रोममध्ये छापले गेले. त्यांत वर व्हायोलिनची ओळ आहे आणि खाली खर्जाची एकच ओळ, जिच्यावर अंक दिलेले आहेत. त्या अंकांवरून उजव्या हाताने काय भरायचे ते हार्प्सिकॉर्डवादकाने स्वतः ठरवायचे असते. ही खरीखुरी साथ आहे आणि तिथे पुढाकार तुझाच राहील. संथ भागांतली तुझी ओळ मुद्दाम साधी ठेवलेली आहे, कारण ती वादकाने सजवावी अशी अपेक्षा होती. 1710 च्या सुमारास अॅम्स्टरडॅममध्ये निघालेल्या आवृत्तीत कोरेल्ली स्वतः वाजवत असे म्हणून सांगितलेली सजावट छापली आहे, ती जरूर अभ्यास, पण जशीच्या तशी पाठ करू नकोस.

बाख मात्र उजव्या हाताचा एकेक स्वर बहुतेक सगळीकडे स्वतः लिहून देतो. 1717 ते 1723 या काळात तो जर्मनीतल्या क्योथेनला राजपुत्र लिओपोल्डच्या पदरी होता, आणि 1719 मध्ये दरबारासाठी नवा हार्प्सिकॉर्ड आणायला स्वतः बर्लिनला गेला होता. खर्जाची ओळ भरणारे हे वाद्य त्याच्या हातात याच सुमारास पुढे येऊन बोलू लागले. तुझे दोन्ही सोनाटा ज्या सहांच्या संचातले आहेत, ते सहाही बहुतांशी त्याच काळातले मानले जातात. त्यांत आवाज तीन आहेत: तुझा व्हायोलिन, तुझ्या हार्प्सिकॉर्डवादिकेचा उजवा हात आणि तिचा डावा हात. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने 1774 मध्ये एका पत्रात या रचनांना ‘क्लाव्हिअर त्रिके’, म्हणजे पट्ट्यांच्या वाद्याच्या तीन आवाजांच्या रचना, म्हटले, वडिलांच्या उत्तम कामांत त्यांची गणना केली, आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांतले काही संथ भाग याहून अधिक गाते लिहिता येणार नाहीत, असे नोंदवले. त्याने वाद्याचे नाव घेतले ते हार्प्सिकॉर्डच्या घराण्यातले, व्हायोलिनचे नव्हे, हे लक्षात ठेव.

बी मायनरचा आरंभ पाहा. आधी हार्प्सिकॉर्ड एकटा वाजतो. त्याच्या उजव्या हातात जोडस्वरांचे उसासे आहेत आणि खाली खर्ज शांतपणे चालतो आहे. मग तू एका लांब स्वरावर आत येतेस. पहिल्यांदा हा सोनाटा सभेत वाजवला तेव्हा मी तो स्वर भरघोस गजाने उचलला, आणि खालची सगळी हालचाल झाकली गेली. श्रोत्यांना एक सुंदर लांब स्वर ऐकू गेला, पण तो का सुंदर आहे ते ऐकू गेले नाही. लेओपोल्ड मोत्सार्टने 1756 च्या आपल्या व्हायोलिनवादनावरच्या ग्रंथात सांगितले आहे की कितीही जोरकस स्वर असला तरी गजाच्या आरंभी जेमतेम ऐकू येईल असा मऊपणा असतोच. तेच इथे कर. स्वर सुरू कधी झाला हे कळू नये इतक्या हळू आत ये, खर्ज सरकेल तसा तो फुलू दे, आणि तो ज्या क्षणी हार्प्सिकॉर्डच्या स्वराशी भिडतो तो क्षण चुकवू नकोस.

एफ मायनरच्या तिसऱ्या भागात तर भूमिकाच उलटतात. तिथे हार्प्सिकॉर्ड जलद स्वरांची नक्षी काढत राहतो आणि तू आरंभापासून शेवटपर्यंत दुहेरी तारांवर संथ स्वर धरतेस. तिथे साथ तुझी आहे. हा भाग कंटाळवाणा वाटला तर समज की तू अजून तिचा हात ऐकत नाहीस.

हार्प्सिकॉर्डची तार नखीने छेडली जाते. ही नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते. पट्टी जोरात दाबली तरी आवाज फारसा वाढत नाही. त्यामुळे आवाजाचा तोल राखण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे तुझ्यावर येते. तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या, तारा आणि जुन्या घडणीचा गज वापरते आहेस हे चांगलेच आहे, त्याने अर्धे काम होईल. वाद्याच्या उघड्या झाकणासमोर मात्र उभी राहू नकोस, त्याचा आवाज सभागृहात तिथूनच जातो. वाद्याच्या वळणापाशी, जिथून तिचे हात दिसतील, तिथे थांब.

सूर लावण्याविषयी विशेष सांगतो, कारण तुझा कान लहानपणी तंबोऱ्यावर तयार झाला आहे. ए हा स्वर 415 हर्ट्झला, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली, मिळवल्यावर बाकीच्या तारा शुद्ध पंचमाने लावण्याचा मोह तुला होईल. तो आवर. हार्प्सिकॉर्डवरचे बरेच पंचम किंचित आकसलेले असतात, म्हणून तू शुद्ध पंचम धरलेस तर ई ही तार चढी आणि जी ही तार उतरी लागेल. चारही तारा एकेक करून तिच्या पट्ट्यांशी मिळव. दिव्यांच्या उष्णतेने तात उतरते, त्यामुळे प्रत्येक सोनाट्यानंतर पुन्हा सूर तपास, आणि श्रोते थांबले आहेत म्हणून घाई करू नकोस.

पहिल्या तालमीला जाताना फक्त आपल्या ओळीचे पान नेऊ नकोस, तिन्ही ओळींचे ने. व्हायोलिन पेटीतच राहू दे. तुझ्या सहवादकाला बी मायनरचा पहिला भाग एकटीने वाजवायला सांग, तिच्या शेजारी बस, आणि तिच्या डाव्या हाताची ओळ तिच्याबरोबर गा.