घरी एचिंग केलेला (नको ते तांबं रसायनानं काढलेला) पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, आठवड्यात काळा पडला, सोल्डर धरत नाही. लॅकर (संरक्षक लेप) सोल्डरिंगआधी मारू की नंतर?

लॅकर नंतर. आधी लावायची ती राळ (रोझिन).

आधी लॅकर मारण्याचा उद्योग मी करून बसलो आहे. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की थर करपायचा, त्याच्या टोकावर (बिटावर) काजळी धरायची आणि सोल्डर गोळा होऊन घरंगळायचं. तापवत राहिलो, शेवटी पॅडच (सोल्डर बसतं तो तांब्याचा ठिपका) उचकटून आलं.

तांबं हवेनं आणि बोटांच्या घामानं काळवंडतंच, पण आठवड्यात एवढं काळं म्हणजे मला फेरिक क्लोराइड (एचिंगचं रसायन) नीट न धुतल्याचा संशय आहे. ट्रॅकच्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेच्या, कडेला जरासं राहिलं तरी ते तांबं खात राहतं. पुढच्या वेळी भरपूर पाण्यानं धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून पुन्हा धुवा.

हा बोर्ड टाकू नका. भोकं पाडायची राहिली असतील तर आधी पाडा, मग हिरव्या घासणीनं तांबं गुलाबी दिसेपर्यंत हलक्या हातानं घासा. तारेची घासणी नको, तिचे तुकडे ट्रॅकमध्ये अडकून शॉर्ट करतात. आता आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि लगेच राळेचा पातळ हात द्या: १०० मिली अल्कोहोलमध्ये २०-२५ ग्रॅम कुटलेली राळ, विरघळली की गाळून. वाळायला वेळ लागतो, तोवर चिकट राहील. थंड असताना ही राळ तांब्याला हवा लागू देत नाही, आणि तापली की वितळून ऑक्साइड काढते, म्हणजे तीच फ्लक्स. नळकामाची आम्लाची फ्लक्स मात्र चुकूनही वापरू नका.

घरच्या बोर्डात भोकाच्या आत तांबं नसतं, पॅड नुसतं गोंदावर उभं असतं. ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं, पण आयर्न ३३०-३५० ला ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत जोड उरका. कमी तापमानावर रेंगाळलात तर पॅड जास्त वेळ भाजतं. सोल्डर मास्क (पॅड सोडून बाकी तांबं झाकणारा थर) नसल्यानं शेजारच्या पॅडवर सोल्डर ओघळतं, तेव्हा सोल्डरची तार बारीक घ्या.

सर्किट चालतंय हे पाहिल्यावर राळ अल्कोहोलनं धुवा, बोर्ड पूर्ण वाळवा आणि मग ॲक्रिलिक लॅकरचे दोन पातळ थर फवारा. कनेक्टर, स्विच आणि प्रीसेटवर (फिरवून जुळवायच्या छोट्या रेझिस्टरवर) आधी टेप लावा, नाहीतर लॅकर आत जाऊन संपर्कच तुटतो.