तीन लाख किलोमीटरांच्या उंबरठ्यावरची पिकअप घ्यावी का?

प्रश्न : माझा लाकडी फर्निचर तयार करण्याचा छोटा व्यवसाय आहे. लाकूड आणण्यासाठी आणि तयार माल पोहोचवण्यासाठी आजवर भाड्याची गाडी बोलावत आलो. आता स्वतःची पिकअप घ्यायचे ठरवले आहे. वर्षाला साधारण 15,000 किलोमीटर फिरणे होईल आणि भार बहुतेक वेळा 600 किलोंच्या आत राहील. एकाच मॉडेलच्या, नऊ वर्षे जुन्या दोन डिझेल पिकअप पाहिल्या आहेत. पहिली 2,85,000 किलोमीटर चाललेली आहे. ती सुरुवातीपासून एकाच मालकाकडे असून दोन शहरांदरम्यान माल नेत असे आणि सर्व्हिसिंगची बिले त्याने जपून ठेवली आहेत. दुसरी 1,10,000 किलोमीटर चाललेली, शहरात दुकानोदुकानी माल उतरवणारी, तीन मालकांच्या हातांखालून गेलेली आणि जवळपास बिनकागदांची आहे. तरीही तिची किंमत पहिलीच्या दीडपट आहे. घरातील सर्वांचे मत दुसरी घ्यावी असे आहे. शिवाय पहिल्या गाडीचा मालक सांगतो की तिचे इंजिन एकदाही खोललेले नाही. ही जमेची बाजू समजावी की धोक्याची?

उत्तर : आपण दिलेले दोन आकडे किलोमीटरांऐवजी तासांत मांडून पाहू. दोन शहरांदरम्यान धावणाऱ्या गाडीचा सरासरी वेग थांबे धरून ताशी 45 किलोमीटर मानला, तर 2,85,000 किलोमीटरांसाठी तिचे इंजिन सुमारे 6,300 तास चालले. गर्दीतून वाट काढत दर थोड्या अंतरावर थांबणाऱ्या गाडीची सरासरी ताशी 18 किलोमीटर धरली, तर 1,10,000 किलोमीटर म्हणजे सुमारे 6,100 तास. वेगाचे हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत आणि ते मागेपुढे होऊ शकतात. परंतु घरातील मंडळी जिला ‘कमी चाललेली’ म्हणत आहेत, तिचे इंजिन पहिलीइतकेच राबलेले असण्याची शक्यता त्यातून स्पष्ट दिसते. क्लच, ब्रेक आणि स्टार्टर यांच्या बाबतीत तर शहरातील गाडीच अधिक झिजलेली असणार, कारण हे भाग अंतराने झिजत नाहीत, थांबण्या-निघण्याने झिजतात. इंजिन पुरते तापण्याआधीच वारंवार बंद होत असेल, तर ऑइलमध्ये उतरलेले न जळलेले इंधन आणि ओलावा उडून जाण्याइतकी उष्णताही त्याला मिळत नाही. गाडीला धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल, तर ती काजळी जळून जाण्यासाठी काही वेळ सलग धाव लागते, आणि शहरातील कामात नेमकी तीच मिळत नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणून 2007 च्या एका टोयोटा टुंड्रा पिकअपचा उल्लेख करता येईल. ती 2016 मध्ये मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्सवर 10 लाख मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 16 लाख किलोमीटरांपर्यंत पोहोचली, तेव्हा कंपनीने ती परत घेऊन तपासणीसाठी खोलली. नऊ वर्षांत एवढे अंतर म्हणजे दिवसाला जवळपास 490 किलोमीटर. ही धाव लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच शक्य होते, आणि सर्व्हिसिंगही वेळच्या वेळी होत असे. आपली गाडी तशी निघेल असे मी म्हणत नाही. किलोमीटर किती यापेक्षा ते कसे झाले हे आधी विचारावे, एवढ्यापुरतेच ते उदाहरण.

म्हणून माझा कल पहिल्या गाडीकडे आहे. मात्र तो कागदांच्या आणि तपासणीच्या अटीवर आहे. मालकाने ‘जपून ठेवलेली’ बिले प्रत्यक्ष हातात घेऊन तारखेप्रमाणे लावावीत आणि प्रत्येक बिलावरील किलोमीटरांचा आकडा टिपावा. 2,85,000 किलोमीटर नऊ वर्षांत म्हणजे वर्षाला सुमारे 31,700. आकडे साधारण या गतीने चढत गेलेले दिसले, तर मीटर मागे फिरवलेले नाही असा बराच भरवसा धरता येतो. मीटर डिजिटल आहे म्हणून ते बदलता येत नाही, हा गैरसमज आहे. दुसऱ्या गाडीच्या बाबतीत बिले नसल्यामुळे 1,10,000 हा आकडा केवळ विक्रेत्याचा शब्द ठरतो. तिच्या क्लच-ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर गुळगुळीत झाले असेल, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबली असेल आणि स्टिअरिंगवरील खरखरीतपणा गेला असेल, तर त्या शब्दावर विसंबू नये.

इंजिन न खोलल्याच्या मुद्द्याचे उत्तरही याच बिलांत आहे. चांगले सांभाळलेले डिझेल इंजिन तीन लाख किलोमीटरांपर्यंत न खोलता जाणे यात नवल नाही, आणि अनोळखी हातांनी खोललेल्या इंजिनापेक्षा न खोललेले इंजिन मी केव्हाही पसंत करीन. प्रश्न असा आहे की इंजिनाभोवतीच्या ज्या वस्तू या वयापर्यंत बदलाव्याच लागतात, त्या बदलल्या आहेत का. पिस्टन व व्हॉल्व्ह यांची चाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट असलेल्या अनेक इंजिनांत तो 1,00,000 ते 1,60,000 किलोमीटरांच्या दरम्यान बदलायचा असतो, आणि तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. त्या बेल्टऐवजी टायमिंग चेन असेल, तर गाडी सुरू होताना पहिले काही सेकंद समोरच्या बाजूने येणारी खडखड ऐकावी. क्लच, वॉटर पंप, इंधन फवारणारे इंजेक्टर आणि इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो यांपैकी कशाचेच बिल निघाले नाही, तर हे सगळे खर्च आपल्यासाठी राखून ठेवले आहेत असे समजावे. नऊ वर्षांत काहीच बदलावे लागले नाही, हे विक्रेते फार अभिमानाने सांगतात. घेणाऱ्याने ते ऐकून किंमत कमी करून मागावी.

आता चॅसीविषयी, आणि येथे मी जरा थांबणार आहे, कारण जुनी पिकअप घेताना बहुतेक लोक बॉनेट उघडून तासभर पाहतात आणि गाडीखाली वाकूनही पाहत नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो यांना पैसे मोजले की दुसरे मिळते. केबिन आणि हौदा ज्या दोन लांब तुळयांवर बसवलेले असतात ती चॅसी एकदा सडली किंवा वाकली की गाडीत काही उरत नाही. तुळया पोकळ किंवा पन्हळीच्या आकाराच्या असतात. चिखल आणि खारट ओल आत साचते आणि गंज बऱ्याचदा आतून बाहेर येतो. टोयोटानेच 2008 मध्ये 1995 ते 2000 या काळातील टाकोमा पिकअपच्या चॅसीवरील गंजाची हमी 15 वर्षांपर्यंत वाढवली होती. टिकाऊ म्हणून नाव असलेल्या गाडीचीही ही कथा आहे, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवून घ्यावी, लहान हातोडीने चॅसी जागोजागी ठोकून पाहावी आणि आवाज ऐकावा. घट्ट पत्रा खणखणतो. सडलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. मागील पाट्यांच्या, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, टोकांशी, पाटे ज्या कानांत अडकवलेले असतात तेथे, आणि केबिन संपून हौदा सुरू होतो त्या सांध्यापाशी विशेष बारकाईने पाहावे, कारण क्षमतेपेक्षा जास्त भार वाहिलेल्या गाडीची चॅसी बहुधा येथेच वाकते किंवा चिरते. वेल्डिंगचे डाग दिसले तर त्याचे कारण विचारावे. गाडीच्या खालच्या बाजूला नुकताच काळा रंग फासलेला असेल, तर तो कशासाठी फासला हा प्रश्न अधिकच आवश्यक ठरतो. गाडी रिकामी असताना मागचे पाटे सपाट झालेले किंवा उलटे वाकलेले दिसले, तर ‘आम्ही कधी ओव्हरलोड केले नाही’ या वाक्याला अर्थ राहत नाही. चॅसीत दोष निघाल्यास किंमत कितीही उतरवून मिळाली तरी ती गाडी घेऊ नये. बाकीच्या प्रत्येक दोषावर बोलणी होऊ शकतात, या एकावर नाही.

इंजिन पाहण्यासाठी सकाळी जावे आणि आपण येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते गरम लागले तर काहीतरी झाकले जात आहे असे मानायला जागा आहे. थंड इंजिन फार वेळ स्टार्टर मारावा न लागता सुरू झाले पाहिजे. सुरुवातीला क्षणभर दिसणाऱ्या धुराने घाबरू नये. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळत आहे, पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असावे किंवा डिझेल पुरते जळत नसावे, आणि जोर देताच काळा धूर येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांकडे पाहावे. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे. हलकी वाफ चालते. धाप लागल्यासारखे झोत येऊ लागले, म्हणजे मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

कान आणि नाक येथवर पुरतात. यापुढे विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून दोन चाचण्या करून घ्याव्यात. एक म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे त्यात हवा किती दाबली जाते ते, मोजणे. त्यांच्यातील फरक 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, तर इंजिनाचे मोठे काम लवकरच निघेल. दुसरी इंजेक्टरांच्या परतीच्या गळतीची, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून न फवारलेले किती डिझेल परत जाते ते मोजण्याची. आजच्या अनेक डिझेल इंजिनांत इंधन 1,600 ते 2,000 बार एवढ्या दाबाने फवारले जाते आणि झिजलेल्या इंजेक्टरांचा पूर्ण संच बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने डोळ्यांत भरण्याइतका असतो. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळत असेल तर तेही करावे: लोह, तांबे आणि शिसे वाढलेले असणे ही आतील झिजेची खूण असते, सिलिकॉन हे धूळ आत गेल्याचे सांगते आणि सोडियम कूलंट मिसळल्याची शंका निर्माण करते.

चालवून पाहताना गाडी रिकामी नेऊ नये. आपला नेहमीचा 600 किलोंचा भार किंवा त्याच्या निम्मा तरी हौद्यात घालून चढावर न्यावी. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच सरकत आहे. गिअर टाकून गाडी उचलताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, ढिला आहे. तो स्वस्तात बदलतो. मागून वेगाबरोबर चढणारी घरघर येत असेल तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा संच) किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे, आणि ते तितके स्वस्त नसते.

आपली धाव वर्षाला 15,000 किलोमीटर आहे, म्हणजे तीन वर्षांत 45,000. पहिल्या गाडीने आजवर जे केले त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही ते कमी आहे. तेव्हा ‘ती अजून तीन लाख जाईल का’ हा प्रश्न आपल्या कामाचा नाही. दोन गाड्यांच्या किमतीत जो फरक आहे, तो खर्च न करता पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत असेल, आणि गाडी अधूनमधून तीन-चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तर माल भाड्याच्या गाडीने पाठवता येत असेल, तर पहिली घ्यावी. हाताशी ती रक्कम उरत नसेल, किंवा एका दिवसाच्या खोळंब्यानेही ग्राहक तुटत असेल, तर दोन्ही सोडून आणखी काही महिने भाड्यावरच काम चालवावे. दुसरी गाडी आज मागत असलेल्या किमतीला घेण्याचे कारण मला दिसत नाही.

घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सर्व फिल्टर एकदम बदलून त्या दिवशीचे किलोमीटर लिहून ठेवावेत. टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तोही त्याच वेळी बदलावा. त्यानंतरचे तीन महिने दर सोमवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, ऑइलची पट्टी आणि कूलंटची पातळी पाहावी.