म्युनिकच्या अंगणात नारळ?

प्रश्न : भाऊ, माझी लेक म्युनिकला असते. यंदा त्यांनी मागे छोटीशी बाग असलेलं घर घेतलं. नातू झाला तेव्हापासून मनात आहे की त्याच्या नावानं तिथे नारळ लावावा. मोड आलेला नारळ बॅगेत घालून आणते म्हटलं तर जावई हसतात. पण त्यांच्याच शेजाऱ्याच्या बागेत, भर बर्फात, पाम उभा आहे. फोटोत पाहिला मी. त्याचा जगतो तर आपला नारळ का नाही?
— एक आजी, लक्ष्मीनगर, नागपूर

उत्तर : ताई, या वेळी जावयांचं ऐका. नारळ हे समुद्रकाठचं झाड, त्याला मरायला बर्फ पडायचीही गरज नसते. पारा बरेच दिवस दहाच्या खाली राहिला तरी ते रुसून बसतं. आपल्याच शहरात बघा ना. जुन्या बंगल्यांच्या आवारात नारळ आहेत, उंचही होतात, पण रत्नागिरीसारखे लागत नाहीत. उन्हाळ्याची कोरडी झळ हे एक कारण, पौषातल्या रात्री हे दुसरं. 2018 च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता. म्युनिकला एखाद्या वाईट हिवाळ्यात तो उणे 15 पर्यंत जातो. तिथे तुमचा नारळ दिवाळीही धड बघणार नाही.

शेजाऱ्याकडे आहे तो बहुधा ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनेई. लेकीला खोडाचा जवळून फोटो काढायला सांगा. खोडाभोवती काथ्यासारखं तपकिरी, केसाळ वेष्टण आणि वर ताडासारखी पण लहान, पंख्यासारखी पानं दिसली तर तोच. हा मूळचा चीनचा. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसानं 1849 मध्ये त्याची रोपं विलायतेला पाठवली. चीनमधली चहाची रोपं आपल्या हिमालयात आणणारा तोही हाच, बरं का. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडे तिचिनो भागात तर हा पाम जंगलात आपोआप उगवतो. इतका, की सप्टेंबर 2024 पासून स्वित्झर्लंडनं त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. जर्मनीत मात्र मिळतो.

आणि ताई, याचा सख्खा भाऊ आपल्याच देशात आहे. उत्तराखंडात पिथौरागढजवळ थलकेदारच्या डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, ट्रॅकीकार्पस टाकिल रानात वाढतो. माझे साडू फौजेत होते. रानीखेतला त्यांचं पोस्टिंग असताना एका जानेवारीत आम्ही तिकडे गेलो, तेव्हा बंगल्याच्या फाटकाशी असाच एक केसाळ खोडाचा पाम होता. रात्री बर्फ पडलेला. सकाळी माळी बांबू घेऊन आला आणि एकेका पानाला खालून वर हलकेच टिचक्या देत बर्फ झटकू लागला. वरून मारलं तर गोठलेला देठ मोडतो, म्हणाला. मधल्या न उघडलेल्या पातीला त्यानं बांबू लावला नाही. तिच्या बुडाशी साचलेला बर्फ मात्र शिडी लावून हातानं काढला.

पामच्या बाबतीत सगळं त्या मधल्या पातीपाशीच येऊन ठरतं. संत्र्याची फांदी वाळली तर आपण छाटतो आणि झाड बाजूनं फुटतं. पामला ती सोय नाही. त्याचा वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या पोटात. तो सडला की खोड कितीही धडधाकट असो, खेळ संपला. पानं करपली तर काही बिघडत नाही, उन्हाळ्यात नवी येतात. म्हणून उणे 15 सोसणारा पाम, असं लेबल वाचून हुरळू नका. तो आकडा मोठ्या, मुरलेल्या झाडाचा, कोरड्या हवेतला आणि एखाद-दुसऱ्या रात्रीचा असतो. गाभ्यात पाणी शिरलं, तिथे गोठलं, वितळलं, परत गोठलं, की त्याच्या निम्म्या थंडीतही कोंब कुजतो.

तेव्हा लेकीला सांगा, रोप मेच्या मध्यानंतरच जमिनीत लावायचं. तिकडचे जुने बागवान 15 मेपर्यंत थंडीचा भरवसा धरत नाहीत. हिवाळ्यापूर्वी मुळं धरायला त्याला उन्हाळाभर वेळ मिळाला पाहिजे. जागा दक्षिणेकडच्या भिंतीलगत, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. माती चिकट असेल तर वाफा वीतभर उंच करायचा आणि मातीत भरड रेती मिसळायची. नत्राचं खत जुलैनंतर बंद. कोवळी, लुसलुशीत वाढ थंडीत आधी मरते.

नोव्हेंबरात बुंध्याभोवती हातभर जाडीचा पालापाचोळा. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर ऊन-वारा तर पानातलं पाणी ओढतच असतात. बर्फात उभं झाड असं तहानेनंही वाळतं. कडाका जाहीर झाला की पानं वर गोळा करून सैल बांधायची, भोवती जाळीचा पिंजरा करून त्यात कोरडं तणस भरायचं आणि माथ्यावर पाऊस-बर्फ अडवणारं छप्पर. बाजूनं गोणपाट चालेल, प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमट होतं आणि तेच आपल्याला नको आहे. काही लोक आत दिव्यांची माळ सोडतात. ती जुन्या तारेच्या बल्बची असेल तरच उपयोग, एलईडीला ऊब नसते. त्यापेक्षा थर्मोस्टॅट लावलेली हीटिंग केबल बरी. थंडी ओसरली की हे सगळं सोडायचं, पण एकदम नाही, ढगाळ दिवस बघून.

मार्चमध्ये मधली पात चिमटीत धरून हळूच ओढून बघायची. घट्ट असेल तर झाड तरलं. अलगद हातात आली आणि बुडाला घाण वास आला, तर कुजलेलं काढून पोकळीत केमिस्टकडचं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस येणं थांबेपर्यंत, आणि वरून पाऊस लागू द्यायचा नाही. पुष्कळ झाडं यातून उठतात, जून-जुलैत आखूड, चिरफाळलेलं का होईना, पण पान येतं. आपले संत्रावाले हे वाचून म्हणतील, मोरचूद-चुन्याचं बोर्डो का नाही? बोर्डो मलम बुंध्याच्या डिंक्याला ठीक आहे, पामच्या कोंबात ते थापायचं नसतं.

इथून रोप किंवा बी न्यायचा विचार सोडा. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात लागवडीच्या रोपांना आणि बियांना फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं सरकारी, प्रमाणपत्र लागतं. तिथल्याच नर्सरीतून घ्या. नातवाच्या नावानं खड्डा तुम्ही स्वतः खणा, आणि नेलेला नारळ तिथे फोडून सगळ्यांना खोबरं वाटा.

प्रश्न : भाऊ शिकागोला आहे. म्हणतो, जगातला सर्वांत कणखर पाम सांग.
— एक वाचक, वर्धा

उत्तर : नीडल पाम, म्हणजे रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स. अमेरिकेच्या आग्नेय भागातलाच आहे, बुटका, झुडपासारखा, बुंध्याशी सुईसारखे काटे. मुरलेलं झाड उणे 20 च्या आसपास तग धरतं. पण 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 30 पर्यंत उतरला होता, तिथे कणखरपणा काय करणार? कुंडीत लावायला सांगा. फक्त कुंडी हिवाळ्यात बाहेर ठेवायची नाही. जमिनीतल्या मुळांवर मातीची दुलई असते, कुंडीतली चारही बाजूंनी गोठतात. गॅरेजमध्ये, शून्याच्या थोडं वर तापमान असेल अशा जागी ठेवावी आणि माती अगदी वाळू नये इतकंच पाणी. घरात हीटरशेजारी ठेवली तर लाल कोळी ही कीड लागेल. आणि भाऊ अधीर स्वभावाचा असेल तर हा पाम त्याच्यासाठी नाही. फार सावकाश वाढतो.

प्रश्न : गॅलरीतल्या अरेका पामच्या पानांची टोकं जानेवारीत तपकिरी होतात. थंडीमुळे का?
— एक वाचिका, मनीषनगर, नागपूर

उत्तर : थंडीवर उगाच आळ घेऊ नका. बोअरचं पाणी घालत असाल. क्षार साचले की आधी टोकंच जळतात. एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या आणि पुढे नळाचं घाला. थंडीचा मार बसला तर पानभर डाग पडतात, नुसती टोकं जळत नाहीत.

प्रश्न : चिखलदऱ्याला आमचं छोटं रिसॉर्ट आहे. खोलगट लॉनवर कडाक्याच्या पहाटे दव गोठून पांढरं दिसतं. नर्सरीवाल्यानं रॉयल पाम, बॉटल पाम आणि फॉक्सटेल सुचवलेत. लावू का?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : तिन्ही नको. देखणे आहेत, नर्सरीवाल्याला पैसेही बरे सुटतात, पण गोठलेल्या दवापुढे ते टिकायचे नाहीत, बॉटल पाम तर सर्वांत आधी जाईल. मेळघाटातल्या नाल्याकाठी शिंदी उभी असते, ती का नाही लावत? गोठणबिंदूच्या खालचे पाच-सहा अंश मोठी शिंदी सहज सोसते आणि तुमचा मे महिनाही. लोकांना ती गावठी वाटते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं लावून बघा, रॉयल पामला मागे टाकेल. देठाच्या बुडाला लांब काटे असतात, म्हणून पायवाट आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब. पंख्याच्या पानांचा हवा असेल तर चायनीज फॅन पाम, म्हणजे लिविस्टोना.

खोलगट लॉनमध्ये मात्र काहीच लावू नका. थंड हवा जड, रात्री उतारावरून घरंगळत तिथेच येऊन साचते. दहा-पंधरा पावलं वर, उतारावर लावलं तरी दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. जुलैत लावा, पहिली दोन वर्षं थंडीत गोणपाट बांधा. शेणखताचा ढीग या झाडांच्या जवळपास ठेवू नका. गेंडा भुंगा त्यातच अंडी घालतो आणि मग सरळ कोंब पोखरतो.